मुक्या जीवाचे निदान



सज्जनहो, मागे एका एकादशीला आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील अरुणावतीकाठच्या एका खेड्यात कीर्तन झाले. विषय भूतदयेचा होता. आरती झाली, बुक्का लावून मंडळी पांगू लागली, तेव्हा एक तरुण माळकरी जवळ येऊन म्हणाला, “महाराज, तुमी भूतदया सांगतली ते बराबर हाय. पन ढोराचं दुखनं पाहनं हे डाक्टरचं काम. त्यात आपुन माळकऱ्यायनं काय पाहाव?”

प्रश्न साधा होता, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण ह्याच प्रश्नाचे उत्तर मी स्वतः 2022 साली चुकवले होते, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या गोठ्याने दिली. ती हकीकत पुढे सांगतोच. आधी प्रश्न नीट मांडू या. मुक्या जीवाचा रोग ओळखणे, तो कोठून आला, कोठे चालला ह्याचा माग काढणे, हा केवळ विद्येचा प्रांत आहे, की दयाधर्माचाही भाग आहे? आणि आपल्या जनावराचा रोग जाणूनबुजून न सांगणे हे असत्य आहे काय?

आपल्या संप्रदायात जनावर परके नाही. ज्ञानोबारायांनी रेड्यामुखी वेद बोलविले अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यातील आळे गावी आहे, तेथे वारकरी आजही माथा टेकतात. पालखीचा रथ बैल ओढतात, रिंगणात माउलींचा अश्व धावतो आणि त्याच्या टापेखालची माती आपण कपाळी लावतो. नाथांची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी तापल्या वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली.

आता ह्या कथेकडे जरा थांबून पहा. नाथांनी काय केले? पाणी पाजले, हे आपण सांगतो. परंतु त्याआधी त्यांनी आणखी एक गोष्ट केली: ते गाढव तहानेने तडफडत आहे हे ओळखले. बरोबरच्या यात्रेकरूंनाही गाढव दिसले होते, त्याची तहान मात्र दिसली नव्हती. म्हणजे दयेच्या पोटात आधी ओळख आहे. दया ही पाय आहे आणि निदान हा डोळा आहे. डोळ्यावाचून पाय धावला, तर तो कोठे जाईल ह्याचा नेम नाही.

तहान ओळखणे सोपे असते. आपल्या गोठ्यातील दुखणे इतके सोपे नसते. पावसाळा लागला आणि एखादे जनावर रात्रीतून मेले, तर गावात काय म्हणतात? कोणी म्हणतो पान लागले, कोणी म्हणतो नजर लागली, कोणी शेजाऱ्यावर करणीचा संशय घेतो. परंतु जाणता पशुवैद्य तीन वेगळ्या रोगांची शंका घेतो. गळ्याला सूज, घशात घरघर आणि कडक ताप असेल, तर घटसर्प. धट्टाकट्टा तरुण गोऱ्हा अचानक लंगडू लागला, मांडीचा फरा सुजला आणि दाबल्यावर चरचर वाजला, तर फऱ्या. आणि जनावर उभ्या उभ्या कोसळून नाकातून, गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त आले, तर फाशी, म्हणजे काळपुळी.

वरून पाहणाराला तिन्ही मरणे सारखीच. आत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर. घटसर्पाची आणि फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घेतली तर हे मरण बहुतांशी टळते. फाशीने मेलेले जनावर तर फाडायचेही नसते, सोलायचेही नसते. कारण त्या जंतूला उघडी हवा लागली की तो बीजरूप धारण करतो आणि ते बीज मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. त्या मातीवर पुढे चरणारे जनावर, आणि ते कातडे सोलणारा माणूससुद्धा, दोघेही त्याच्या तावडीत सापडतात. म्हणून पशुवैद्य अशा जनावराच्या कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. कांडीसारखे जंतू दिसले की जनावर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरतात. जर्मनीच्या रॉबर्ट कॉख ह्या वैद्याने 1876 साली ह्याच जंतूवरून दाखवून दिले, की अमुक रोगाला अमुक जंतू कारण. एका थेंबात इतके कळते. आणि तो थेंब न पाहता आपण काय करतो? शेजाऱ्याशी जन्माचे वैर. निदान चुकले की दया तर राहतेच, पण द्वेष फुकटचा वाढतो.

कोणी म्हणेल, “असो, निदान चुकले तरी हेतू शुद्ध असला म्हणजे झाले.” ह्यावर एक दृष्टांत ऐका, आणि तो कल्पित नाही. आपल्या लहानपणी गावाबाहेर मेले ढोर टाकले की आकाशातून गिधाडे उतरत आणि तासा-दोन तासांत हाडे उघडी पडत. 1990 नंतर ही गिधाडे पाहता पाहता नाहीशी झाली. काही जातींत शंभरातील पाचही उरली नाहीत. का मेली, हे कोणाला कळेना. शेवटी संशोधकांनी मेलेली गिधाडे तपासली, तर त्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली. 2004 साली उलगडा झाला. म्हाताऱ्या, लंगड्या, तापलेल्या गुरांना वेदना कमी व्हावी म्हणून डायक्लोफिनॅक नावाचे औषध टोचले जात होते. ते जनावर मेले की ते औषध मासातून गिधाडाच्या पोटी जाई आणि गिधाड मरे. 2006 साली भारत सरकारने जनावरांसाठी ह्या औषधावर बंदी घातली. त्याऐवजी मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न मारणारे औषध पुढे आले.

पहा, औषध देणाऱ्याच्या मनात दयाच होती! गाईच्या वेदना पाहवल्या नाहीत म्हणूनच सुई टोचली. हेतू निर्मळ होता, तरी लाखो पाखरे गेली. मग त्या माणसाला पाप लागले काय? मी म्हणतो, तेव्हा लागले नाही, कारण कळतच नव्हते. परंतु कळल्यानंतरही जो तेच औषध टोचील, त्याला “माझा हेतू चांगला होता” असे म्हणता येणार नाही. ज्ञान आले की जबाबदारी येते. न कळणे हा दोष नसेल, पण कळून घ्यायचेच नाही असे ठरवणे हा दोषच आहे.

आता माझी हकीकत. 2022 च्या श्रावणात गुरांचा लम्पी आजार महाराष्ट्रात पसरत होता. हा रोग भारतात 2019 साली प्रथम ओडिशात दिसला होता. अंगावर गाठी येतात, ताप भरतो, पायांना सूज येते, दूध आटते. हा रोग माणसाला होत नाही. माश्या, डास, गोचिडी ह्यांच्या तोंडून तो एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जातो. बहुतेक जनावरे शुश्रूषेने बरी होतात, पण सगळीच होत नाहीत. वर्तमानपत्रांत हे सारे येत होते आणि मी ते वाचत होतो.

पोळ्याला दोन दिवस राहिले असताना माझ्या राजा बैलाच्या मानेवर मला दोन गाठी लागल्या. हात फिरवता फिरवता बोटे थबकली. अंग किंचित कोमट होते. मी स्वतःला म्हणालो, माशी चावली असेल. खरे सांगायचे तर, तसे मला वाटत नव्हते, तसे मी वाटून घेतले. दवाखान्यात सांगितले असते तर बैल बांधून ठेवा म्हणाले असते. आणि आमच्या घराची जोडी तोरणाखाली नाही असा पोळा आमच्या तीन पिढ्यांत झाला नव्हता. घरच्या मंडळींनीही गाठी पाहिल्या. “झूल मोठी टाका, म्हंजे झाकते,” एवढेच बोलणे झाले. शिंगे रंगवली, झूल घातली, झडत्या झाल्या, गावभर बैल मिरवले, घरोघर ओवाळून घेतले. मला कोणी विचारले नाही आणि मी कोणाला सांगितले नाही.

बारा दिवसांनी शेजारच्या मायच्या गायीला गाठी आल्या. माय विधवा, माळकरी, एक गाय आणि तिचे वासरू एवढाच संसार. गाय आठ दिवस खाली बसली ती उठली नाही. मागोमाग वासरूही गेले. माय माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, “बुवा, माही लक्षुमी गेली. कोनाचा पायगुन होता, देव जाने.” मी मान खाली घातली. देव जाणत होता, आणि मीही जाणत होतो.

पशुवैद्य आले. त्यांनी सर्वांना एकच प्रश्न विचारला, “गावात पहिल्यांदा गाठी कोणत्या जनावराला दिसल्या? कोणत्या दिवशी?” ओसरीवर दहा-बारा माणसे होती. मी गप्प. डॉक्टर निघाले, मोटारसायकलला लाथ मारली, तेव्हा माझ्याच्याने राहवेना. मी पुढे गेलो आणि म्हणालो, “डॉक्टरसाहेब, पोळ्याच्या दोन दिवस आधी. माझ्या राजाला.”

त्यांनी मला शब्दानेही दोष दिला नाही. वहीत तारीख लिहिली, बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाले, “बुवा, ही तारीख त्याच दिवशी कळली असती तर आम्हांला दोन आठवडे मिळाले असते. बाधित जनावर वेगळे बांधायचे आणि भोवतालच्या पाच किलोमीटरांतल्या निरोगी गुरांना लस टोचायची, असे आमचे काम चालते. पण वर्तुळ काढायला मध्यबिंदू लागतो ना!”

सज्जनहो, हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले आहे. रोगाचा माग काढणारी सारी विद्या, प्रयोगशाळा, यंत्रे, लस, सगळे सिद्ध असते. नसतो तो एक मध्यबिंदू. तो शेतकऱ्याच्या जिभेवर असतो. जनावर मुके आहे, त्याला सांगता येत नाही. आपल्याला येते. त्याच्या वतीने बोलण्यासाठीच जणू देवाने आपल्याला वाचा दिली आहे, आणि आपण ती झुलीखाली झाकतो.

इथे एक शंका निघेल. मायची गाय माझ्याच बैलामुळे मेली हे कशावरून? माशी काही पावती देत नाही. रोग दुसरीकडूनही आला असेल. समाधान असे: खरेच, ते कोणालाच सिद्ध करता येणार नाही. परंतु ते सिद्ध होऊ शकत नाही ह्याचे एक कारण माझे मौनच आहे. वेळेवर सांगितले असते, नमुना घेतला असता, तर माग लागला असता. ज्याने स्वतः पुरावा झाकला त्याने “पुरावा कुठे आहे?” असे विचारू नये. शासनाने त्या वर्षी मेलेल्या दुधाळ गाईला 30,000 रुपये, ओढकामाच्या बैलाला 25,000 आणि वासराला 16,000 असे साहाय्य ठरविले होते. पैशाने दावणीला दुसरी गाय येते. मायच्या हाकेला हंबरणारी ती गाय येत नाही.

दुसरी शंका जुनी आहे: “जनावराचे भोग त्याच्या कर्माचे. आपण मध्ये पडून काय होते?” ह्याला उत्तर म्हणून बुळकांडीची गोष्ट सांगतो. आपल्या आजे-पणज्यांच्या तोंडी हा शब्द होता, आज पोरांना तो माहीतही नाही. बुळकांडी आली म्हणजे गावची गावे गुरांवाचून ओस पडत. तोंडात फोड, ढाळ लागलेले, चार-आठ दिवसांत कारभार आटोपला. आफ्रिकेत 1890 नंतरच्या साथीने गुरांचे कळपच्या कळप झोपवले आणि मागून माणसांचा दुष्काळ आला.

अशा रोगांच्या शोधासाठी 9 डिसेंबर 1889 रोजी एक प्रयोगशाळा निघाली, ती आपल्या पुण्यात, तेथील विज्ञान महाविद्यालयात. जंतूंचे काम भर वस्तीत नको म्हणून ती 1893 साली कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला नेली. तीच आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था. तेथे एडवर्ड्स नावाच्या संशोधकाने 1920 नंतरच्या दशकात बुळकांडीचा विषाणू बकऱ्यांमधून पुन्हा पुन्हा उतरवून सौम्य केला आणि त्याची लस केली. 1954 साली स्वतंत्र भारताने देशव्यापी मोहीम उघडली. कोट्यवधी टोचण्या झाल्या. शेवटी गावोगाव जाऊन, “असे दुखणे कोणी पाहिले काय?” असे विचारत रोगाचा शोध घेतला. 1995 नंतर भारतात बुळकांडी दिसली नाही. 2006 साली देश ह्या रोगातून मुक्त ठरला आणि 2011 साली सारे जग मुक्त झाल्याचे जाहीर झाले. माणसांच्या देवीनंतर पृथ्वीवरून समूळ गेलेला हा दुसराच रोग.

आता कर्मवाद्याला मी विचारतो: 2011 साली जगातील सगळ्या गुरांचे बुळकांडीचे प्रारब्ध एकदम सरले काय? की माणसाने आपले कर्तव्य केले म्हणून त्यांचा भोग टळला? प्रारब्ध हे आपल्या स्वतःच्या दुःखाला धीर देण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवण्यासाठी नाही.

तिसरी शंका मात्र खरोखर अवघड आहे आणि ती मी टाळणार नाही. ती बुळकांडीची जुनी लस बकऱ्यांच्या प्लीहेपासून करीत. म्हणजे गाय-बैल वाचावेत म्हणून बकऱ्या मेल्या. अहिंसेचे व्रत घेतलेल्या माळकऱ्याने ह्याला काय म्हणावे? पुष्कळ वाचले म्हणून थोडे मेले ते क्षम्य, असा हिशोब मांडणे सोपे आहे. पण मरणाऱ्या बकरीला तो हिशोब कोणी विचारला नव्हता. मला वाटते, ह्याला पुण्य म्हणू नये आणि पापही म्हणून मोकळे होऊ नये. ह्याला ऋण म्हणावे. आज आपल्या दावणीची गुरे बुळकांडीवाचून जगतात ती त्या मुक्या बकऱ्यांच्या ऋणात आहेत, आणि आपणही. ऋणाचा धर्म असा, की ते मान्य करावे आणि पुढे कमी करीत जावे. विद्येने तेही केले. 1960 च्या सुमारास केनियात प्लाउराइट ह्या पशुवैद्याने वासराच्या मूत्रपिंडातील पेशी काचपात्रात वाढवून त्यांवर लस तयार केली, आणि दर लसीमागे बकरी मारण्याचे कारण उरले नाही. जी विद्या आपल्या हातून होणारी हिंसा उणी करीत जाते, तिला मी अहिंसेची वैरीण म्हणणार नाही. मात्र त्या वाटेवर जो उतावीळपणे, गरजेवाचून जीव दुखवील, त्याने ते विद्येच्या नावावर खपवू नये.

मग आपण करायचे काय? फार मोठे काही नाही. 2009 च्या कायद्याने गुरांचा सांसर्गिक रोग कळवणे आणि रोगी जनावर वेगळे बांधणे हे मालकाचे कर्तव्यच ठरवले आहे. पण कायद्याच्या भीतीने बोलणारा दंड चुकेल तेथे गप्प बसतो. धर्म म्हणून बोलणाराला दुसऱ्याची दावण आठवते. जनावर चारा सोडील, रवंथ थांबवील, तर त्याच दिवशी दवाखान्यात किंवा 1962 ह्या क्रमांकावर सांगावे आणि तारीख लक्षात ठेवावी. रोगी जनावर बाजारात नेऊ नये. लम्पीच्या साथीत 2022 साली राज्यातील जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले, कार्तिकीचा पंढरपूरचा बाजारही भरला नाही. गाभडलेल्या गायीची वार उघड्या हाताने उचलू नये, दूध उकळूनच प्यावे, कारण सांसर्गिक गर्भपाताचा जंतू माणसालाही धरतो. त्याच्या आणि लाळ्या-खुरकुताच्या विरुद्ध 2019 पासून देशभर लसीकरण चालू आहे, त्याला “आमच्या बैलाला सुई नको” म्हणू नये.

आणि तो कानातला पिवळा बिल्ला! त्यावर बारा आकडे असतात. त्या आकड्यांवर जनावराची लस, दुखणे, मालक, सगळे नोंदले जाते. 1 जून 2024 पासून महाराष्ट्रात बिल्ल्यावाचून जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. पुष्कळांना तो सरकारी जाच वाटतो. मला तो निराळा दिसतो. आपल्या गळ्यातील तुळशीमाळ सांगते, की हा माणूस कोणाचा तरी आहे, त्याच्या वागण्याला कोणी धनी आहे. बैलाच्या कानातला बिल्लाही तेच सांगतो: हा जीव बेवारस नाही, ह्याच्या सुखदुःखाची जबाब देणारे कोणी आहे.

माझा राजा बरा झाला. मानेवर व्रण राहिले आहेत. पुढच्या पोळ्याला मी त्याला तोरणाखाली नेला, पण झूल घातली नाही. लोकांनी विचारले, तेव्हा मी व्रण दाखवले आणि सगळी हकीकत माय उभी असतानाच सांगितली. माय काही बोलली नाही. जरा वेळाने तिने ताटातली पुरणाची पोळी राजाच्या तोंडाशी धरली. क्षमा कोणी कोणाला केली ते मला अजून नीट उलगडत नाही. एवढे खरे, की राजाचा त्यात काही अपराध नव्हता, आणि माय ते माझ्याआधी ओळखून होती.

तात्पर्य, त्या तरुण माळकऱ्याला माझे उत्तर असे. बाळा, काचपट्टीवरचा थेंब पाहणे हे डॉक्टरांचे काम, हे तुझे म्हणणे बरोबर. परंतु तो थेंब डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे हे आपले काम. पसायदानात माउलींनी साऱ्या प्राणिजातासाठी मागणे मागितले. ते रोज म्हणणाऱ्याने आपल्या दावणीचे खरे सांगावे, एवढी अपेक्षा जास्त नाही. आपल्या मराठीत ‘निदान’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो: रोगाचे मूळ ओळखणे आणि कमीत कमी एवढे तरी. मुक्या जीवासाठी आपल्या हातून फार होणार नाही. तेव्हा निदान त्याचे निदान होऊ द्यावे.

बोला, पुंडलिकवरदा हरी विठ्ठल!